चांदणीच्या नसेत काय दडलं होतं : भोगावतीकाठच्या एका गोठ्याचं प्रकरण

करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला हा गोठा आहे. सात संकरित एचएफ गाई, दोन मुऱ्हा म्हशी, दोन कालवडी. वैरणीला उसाचं वाडं, हत्तीघास, थोडा कडबा. दूध दोन्ही वेळा गावातल्या संस्थेत जातं आणि घरखर्च दर दहा दिवसांच्या बिलावर चालतो. जनावरांचा डॉक्टर म्हणून मी या घरी चौदा वर्षं जातोय. दावणीला कोण कुठे बांधलेलं असतं हे मला डोळे मिटून सांगता येतं, आणि या प्रकरणात त्याच माहितीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

हे लिहितोय कारण या गोठ्यात दोन गाभ गेले आणि त्यामागच्या साखळीतली एक कडी मी स्वतः दिलेलं इंजेक्शन होतं. ते इंजेक्शन पुस्तकात लिहिलेलं, रोजच्या वापरातलं होतं. तरीही मालकाला काय झालं ते समजावून सांगायला बसलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की कॉलेजात एका परिच्छेदात उरकलेला धडा मला नव्याने शिकावा लागणार आहे.

काय घडलं

चांदणी वैशाखात बाहेरच्या जिल्ह्यातून विकत आणलेली गाय. दुसऱ्या वेताची, गाभण, अंगाने भरलेली. आणताना नाक, डोळे, कास सगळं स्वच्छ होतं. आषाढात व्याली. व्याल्यानंतर दोन आठवड्यांनी पेंड सोडली, नुसता कडबा चघळायला लागली, दूध निम्म्यावर आलं. तोंडाजवळ गेलं की गोडसर वास यायचा. लघवीत पट्टी बुडवली तर जांभळी झाली. कीटोसिस, म्हणजे खाण्यातून मिळतं त्यापेक्षा दुधात जास्त जातं आणि अंगातली चरबी जळते तो आजार. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि दोन दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचलं. चौथ्या दिवशी चांदणी पेंड खायला लागली आणि पंधरवड्यात अठरा लिटरवर आली. घरातले खूश, मीही खूश.

पहिल्या इंजेक्शनापासून नवव्या दिवशी सकाळी फोन आला. चांदणीच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या गौरी आणि तांबडी या गाईंना ताप होता. गौरीला १०५, तांबडीला १०४ अंश फॅरनहाइट. पावसाळ्यात आमच्याकडे ताप म्हटलं की पहिल्यांदा तिवा, म्हणजे जनावरांचा तीन दिवसांचा ताप, आठवतो, आणि मीही गाडीवरून उतरताना तेच धरून चाललो होतो. पण तिव्याची गाय आखडते, लंगडते. या दोघी पायांवर नीट उभ्या होत्या. डोळ्यांतून पाण्याची धार लागून गालावरचे केस चिकटले होते. टॉर्च लावून गौरीची नाकपुडी उघडली. आतली कातडी जास्वंदीसारखी लालभडक झाली होती आणि तिच्यावर पांढुरके खपल्यांचे ठिपके होते. बोट लावताच तिने मान झटकली.

त्या दिवशी मी एक गोष्ट केली, जी एरवी खर्चामुळे राहून जाते. नुसत्या आजारी गाईंचं न घेता अकराच्या अकरा जनावरांचं रक्त घेतलं. गौरी, तांबडी आणि चांदणी यांच्या नाकातले स्वॅब घेतले. थर्मासमध्ये बर्फ भरून नमुने रात्रीच्या गाडीने पुण्याला प्रयोगशाळेत पाठवले.

ताप पाच दिवसांत उतरला. दूध मात्र पूर्वीवर आलं नाही. मग सव्विसाव्या दिवशी पहाटे गौरी गाभडली, सातव्या महिन्यात. मी पोहोचलो तेव्हा आजींनी वासरू युरियाच्या रिकाम्या पोत्यावर ठेवलं होतं. अंगावर केस नुकते फुटत होते. जार पडला नव्हता. आजी म्हणाल्या, "चांदणी आली तवापासनं गोठ्यात इस्कोट झालाय बगा. आन् तिला सोताला काय बी न्हाई, खातीया, दूध देतीया." सहा दिवसांनी तांबडीनेही गाभ टाकला. तिचा सहावा महिना होता.

गाभडलेल्या जनावराला हातमोजे न घालता हात लावायचा नाही, हे मी प्रत्येक गोठ्यात सांगतो, कारण मनात पहिली भीती ब्रुसेलाची असते आणि तो रोग माणसाला होतो. ब्रुसेलाची तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. वासराच्या काळजाचा, फुप्फुसाचा आणि जाराचा तुकडा पुण्याला गेला. तीन आठवड्यांनी अकराही जनावरांचं रक्त पुन्हा घेतलं.

निकाल कसे वाचले

गौरी आणि तांबडीच्या नाकातल्या स्वॅबमध्ये बोव्हाइन हर्पिसव्हायरस-१ चा डीएनए सापडला. गौरीच्या वासराच्या काळजातही सापडला. म्हणजे आयबीआर (इन्फेक्शस बोव्हाइन ऱ्हायनोट्रेकायटिस), गाईच्या नाका-श्वासनलिकेचा संसर्गजन्य रोग, ज्याला आपल्याकडे कुणी घरगुती नावच दिलेलं नाही. चांदणीचा स्वॅब निगेटिव्ह आला.

एवढ्यावर थांबलो असतो तर चांदणी निर्दोष सुटली असती. रक्ताने वेगळं सांगितलं. तापाच्या पहिल्या दिवशी घेतलेल्या रक्तात गौरी आणि तांबडी दोघींच्या अंगात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं नव्हती, तीन आठवड्यांनी भरपूर होती. चांदणी पहिल्याच दिवशी कडक पॉझिटिव्ह होती. म्हणजे तिला हा संसर्ग आमच्या गोठ्यात यायच्या आधी, कधीतरी पूर्वी होऊन गेलेला होता. लांबच्या टोकाला बांधलेल्या चार गाई आणि कालवडी दोन्ही वेळा निगेटिव्ह. एक म्हैस दोन्ही वेळा थोडी पॉझिटिव्ह आली, पण तिला मी या साखळीत धरलं नाही. म्हशींचा स्वतःचा हर्पिसव्हायरस आहे, तो गाईंच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद आहे आणि नेहमीच्या चाचणीत दोघांची प्रतिपिंडं एकमेकांत मिसळतात. कोल्हापुरात गाय-म्हैस एकाच छपराखाली असतात, तेव्हा हे लक्षात ठेवावं लागतं.

हा विषाणू एकदा अंगात शिरला की जात नाही. नाकातून आत जातो, तिथल्या पेशींमध्ये वाढतो, आणि चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेतून वर चढून ट्रायजेमिनल गँग्लिऑन नावाच्या चेतापेशींच्या गाठीत मुक्काम ठोकतो. नाक बरं होतं, ताप उतरतो, गाय बाजारात उभी राहते, आणि विषाणूचा डीएनए त्या गाठीत जन्मभर राहतो. लांबचा प्रवास, विण्याचा ताण, आजारपण, यातल्या कशानेही तो पुन्हा जागा होऊ शकतो. आणि प्रयोगशाळेत त्याला मुद्दाम जागं करायचं असेल तर जगभरचे संशोधक एक ठरलेलं औषध वापरतात. ते म्हणजे डेक्सामेथासोन.

चांदणीच्या बाबतीत विणं, कीटोसिस आणि इंजेक्शन एकामागोमाग आलं. त्यातल्या कशाने किती काम केलं हे वेगळं काढता येत नाही. पण दिवस मोजले तर माझं इंजेक्शन त्या रांगेत शेवटचं आणि सगळ्यात जवळचं आहे. मी हे मालकाला सरळ सांगितलं. त्यांनी थोडा वेळ काही म्हटलं नाही, मग विचारलं, "मग डॉक्टर, औषध चुकीचं होतं का गाय चुकीची होती?" औषध कीटोसिसला बरोबर होतं. ज्या गाईला दिलं तिच्या आत कोण बसलंय हे पाहायची सवय मला नव्हती.

"तो तिथं गप्प असतो का?"

मालकांची पुतणी शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करते. रिपोर्ट तिनेच मोठ्याने वाचून दाखवले आणि मग विचारलं, "डॉक्टर काका, नसेत राहतो म्हणजे नुसता डीएनए ना? मग तो तिथं गप्प पडलेला असतो, का त्याचं आत काही चाललेलं असतं?"

माझ्या पुस्तकात 'सुप्तावस्था' असा एक शब्द होता आणि त्यापुढे पूर्णविराम होता. तिच्या प्रश्नामुळे मी पुढचे काही महिने रात्री वाचत बसलो. जे कळलं ते या प्रकरणाइतकंच महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, साधारण १ लाख ३५ हजार अक्षरांचा आहे. गाईचा सुमारे २७० कोटींचा. एवढ्या छोट्या पोथीत सत्तरच्या वर जनुकं आहेत हे नव्वदच्या दशकातच ठरलं होतं, आणि बहुतेकांनी तो विषय तिथे मिटवला. १९५६ साली मॅडिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत विषाणू वेगळा केला, भारतात त्याची पहिली नोंद १९७६ ची, मग जीनोमही वाचून झाला. आता राहिलं काय, असंच कुणालाही वाटेल.

अक्षरं वाचणं वेगळं आणि शब्द ओळखणं वेगळं. मोडीचं जुनं बाड ज्यांनी हातात धरलंय त्यांना हे सांगायला नको. लेखणी न उचलता लिहिलेली सलग ओळ, दोन शब्दांमध्ये जागा नाही. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. डीएनए तसाच आहे, ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला. पेशी तो तीन-तीन अक्षरांनी वाचते. पुतणीला मी दुधाच्या हिशेबाच्या वहीवर लिहून दाखवलं: गमकमलबदक. पहिल्या अक्षरापासून तीन-तीन तोडलं तर 'गमक' मिळतं आणि पुढे 'मलब' असलं काहीतरी निरर्थक येतं. दोन अक्षरं सोडून सुरुवात केली तर 'कमल' आणि 'बदक' असे दोन धड शब्द. ओळ तीच, शाई तीच. शिवाय डीएनएला दुसरा धागाही असतो आणि तो उलट दिशेने वाचला जातो, जसं डावीकडून 'नदी' आणि उजवीकडून 'दीन'. एका धाग्यावर तीन प्रकारे आणि दुसऱ्यावर तीन प्रकारे, असं एकच लिखाण सहा तऱ्हांनी वाचता येतं.

संगणकाला सांगितलं की सहाही तऱ्हांनी वाच आणि पूर्णविराम येईपर्यंत लांब चालणारी वाक्यं शोध, तर जनुकं सापडायला हवीत. या विषाणूत तिथेच फसगत होते. डीएनएमधले पूर्णविराम तीन: टीएए, टीएजी, टीजीए. तिन्हींमध्ये ए आणि टी यांचा भरणा. आणि या विषाणूच्या जीनोममध्ये शंभरातली सत्तरहून जास्त अक्षरं जी किंवा सी आहेत. त्यामुळे पूर्णविराम मुळातच विरळ, आणि ज्यांना काही अर्थ नाही अशी लांबलचक वाक्यं निव्वळ योगायोगाने तयार होतात. उलट बाजूने, जनुक म्हणायला निदान शंभर अमिनो आम्लांचं प्रथिन तरी बनलं पाहिजे असा एक जुना संकेत होता. त्या चाळणीतून छोटी पण खरी जनुकं खाली गळून गेली. लांब आहे म्हणून खोटं आत आलं आणि आखूड आहे म्हणून खरं बाहेर राहिलं, असा दुहेरी घोटाळा.

यातून वाट काढायची तर संगणकाचा अंदाज बाजूला ठेवून संसर्ग झालेल्या पेशीलाच विचारावं लागतं. विषाणू गाईच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवतात. त्या पेशींमधली सगळी प्रथिनं काढून ट्रिप्सिन नावाच्या विकराने ठरावीक जागी कापतात आणि प्रत्येक तुकड्याचं वजन मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात. वजनांवरून तुकडा ओळखतात. पण ओळखायचा म्हणजे यादीशी ताडून, आणि यादीत आधीच माहीत असलेली प्रथिनं तेवढीच. यादीबाहेरचा तुकडा समोर येऊनही बिननावाचा म्हणून बाजूला पडतो. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

मग यादीच बदलली. विषाणूचा अख्खा जीनोम सहाही तऱ्हांनी प्रथिनांत भाषांतरित करायचा, आणि बाजूला पडलेले तुकडे त्याच्याशी ताडून पाहायचे. प्रोटिओजीनोमिक्स म्हणतात याला. २०१८ साली मिसिसिपी स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी याच वाटेने बोव्हाइन हर्पिसव्हायरस-१ मध्ये प्रथिन बनवणारं एक नवं जनुक दाखवलं. नकाशावर त्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि विषाणू पेशीत वाढत असताना तिथून प्रथिन तयार होत होतं. २०२० साली हंगेरीतल्या सेगेदच्या गटाने दुसरीकडून हात घातला. त्यांनी लांबच्या लांब आरएनए, म्हणजे जनुक वापरताना डीएनएवरून उतरवली जाणारी नक्कल, एका दमात वाचणारं तंत्र वापरलं आणि संसर्गाच्या वेगवेगळ्या तासांना काय-काय वाचलं जातं ते पाहिलं. एकाच जागेवरून वेगवेगळ्या लांबीचे, एकमेकांवर चढलेले, उलटसुलट दिशांचे आरएनए निघाले.

माणसांच्या हर्पिसव्हायरसमध्येही हेच दिसलंय. ओठांवर तापाचे फोड उठवणाऱ्या विषाणूत पुस्तकं ऐंशीच्या आसपास जनुकं सांगायची. २०२० च्या एका अभ्यासात प्रथिनात भाषांतरित होऊ शकतील अशा २८४ जागा नोंदवल्या गेल्या. त्याआधी २०१२ मध्ये सायटोमेगॅलोव्हायरस या माणसांच्या दुसऱ्या हर्पिसव्हायरसमध्ये शेकडो नव्या जागा सापडल्या होत्या. यातल्या प्रत्येकीचं काही काम असेलच असं नाही, पण प्रत्येक जागा तपासून पाहावी लागेल.

नसेतलं जनुक

पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर यातल्याच एका जनुकात आहे. विषाणू चेतापेशीत दडतो तेव्हा त्याची जवळजवळ सगळी जनुकं बंद होतात. एका जागेवरून मात्र आरएनए भरभरून निघत राहतो. १९८७ मध्ये तो लक्षात आला. या जनुकाला लेटन्सी-रिलेटेड (सुप्तावस्थेशी संबंधित), थोडक्यात एलआर म्हणतात. त्याची जागा पाहण्यासारखी आहे. विषाणूला झोपेतून उठवून कामाला लावणारं जे मुख्य प्रथिन, बीआयसीपी-०, त्याच्या जनुकावरच एलआर चढून बसलंय, पण समोरच्या धाग्यावर, उलट दिशेने. एका बाजूने वाचलं की विषाणूला बाहेर काढणारी आज्ञा, दुसऱ्या बाजूने वाचलं की चेतापेशीला मरू न देणारं प्रथिन. घर जगलं तरच भाडेकरू टिकणार.

नेब्रास्कातल्या संशोधकांनी एलआरमध्ये सुरुवातीलाच पूर्णविराम घुसवले, म्हणजे प्रथिन बनणारच नाही, आणि तो विषाणू वासरांना दिला. वासरांना संसर्ग झाला, विषाणू गाठीत गेला. पुढे डेक्सामेथासोन टोचल्यावर साध्या विषाणूची वासरं पुन्हा विषाणू सोडायला लागली आणि बदललेल्या विषाणूची सोडेनात. हे काम २००२ मध्ये छापून आलं. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर चांदणीच उभी राहिली.

स्टेरॉइड नक्की कुठे बोट ठेवतं तेही आता कळलंय. ते पेशीत शिरून त्याला पकडणाऱ्या ग्राहक प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतं आणि ती जोडी डीएनएवर ठरावीक अक्षरांच्या खुणेवर जाऊन बसते. गाईच्या जनुकांपाशी अशा खुणा असतात. तशाच खुणा विषाणूने बीआयसीपी-० सुरू करणाऱ्या कळीपाशी बाळगल्या आहेत. गाईच्या ताणाचा निरोप विषाणू स्वतःच्या दारावर वाचतो, आणि माझ्या सिरिंजमधूनही नेमका तोच निरोप गेला होता.

तेव्हा नाही गं, तो तिथं गप्प नसतो.

गोठ्यातल्या माणसाला या जनुकांशी काय देणंघेणं, असं एका सहकाऱ्याने मला विचारलं. लशीचं देणंघेणं आहे. युरोपात ज्या लशींच्या जोरावर जर्मनीसारख्या देशाने आयबीआर हद्दपार केला, त्यांत विषाणूचं जीई नावाचं एक जनुक काढून टाकलेलं असतं. लस टोचलेल्या गाईत जीईविरुद्ध प्रतिपिंडं नसतात, खऱ्या संसर्गाच्या गाईत असतात, म्हणून दोघी वेगळ्या ओळखता येतात. पण जीईला लागूनच यूएस-९ नावाचं जनुक आहे आणि नसेतून परत नाकाकडे उतरायला विषाणूला ते लागतं. अशा दाटीवाटीच्या वस्तीत एक घर पाडताना शेजारची कुठली भिंत जाते हे ठाऊक हवं. न नोंदलेलं जनुक त्याच जागेवर असेल तर आपण काय काढलं आणि काय ठेवलं हेच कळत नाही. जनुकांची यादी पुरी होणं ही मला म्हणूनच माझ्या धंद्याची गरज वाटते.

गोठ्यात काय केलं

राष्ट्रीय लसीकरण मोहिमेत लाळ-खुरकत आहे, ब्रुसेला आहे, आयबीआर नाही. त्यामुळे आमच्या हातात व्यवस्थापनच होतं. चांदणीला विकायचं नाही असं मीच सांगितलं. विकली तर ती दुसऱ्याच्या दावणीला जाऊन उभी राहील. मालकांनी नदीकडच्या बाजूला पत्रे टाकून वेगळं छप्पर केलं. चांदणी, गौरी आणि तांबडी तिथे, त्यांची पाण्याची टाकी वेगळी, धारेचा क्रम शेवटी. चार निगेटिव्ह गाई आणि कालवडी जुन्या जागी. दूध पिण्याबद्दल आजींना धास्ती होती. हा विषाणू माणसाला लागत नाही हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

माझ्या पिशवीतही बदल झाला. ज्या गोठ्याची आयबीआर तपासणी झालेली नाही, तिथे कीटोसिसला आधी ग्लुकोज आणि तोंडावाटे प्रोपिलीन ग्लायकॉल देतो. स्टेरॉइड टाळता येत नसेल तर त्या गाईला आधी गाभण जनावरांपासून लांब बांधायला लावतो, मग सुई भरतो. बाहेरून आणलेली गाय असेल तर रक्त आधी. दोन मालकांनी खर्चाला नाही म्हटलं, बाकीच्यांनी हो म्हटलं.

गौरी दोनदा उलटली, तिसऱ्या रेतनाला राहिली. तांबडी अजून राहिलेली नाही. पुतणीने विषाणूचा जीनोम उतरवून घेतलाय आणि हिशेबाच्या त्याच वहीत एलआरच्या जागेची सहा वाचनं हाताने मांडायला घेतली आहेत. तीन ओळी झाल्या आहेत. कालवडींचं रक्त पुढच्या महिन्यात पुन्हा घ्यायचंय.